दर पावसाळ्यात भिंतीवर परत येणारी बुरशी: ट्रीटमेंटला पैसे देण्याआधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, मुलीच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत, दर पावसाळ्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून काळे ठिपके सुरू होतात आणि कपाटाच्या मागपर्यंत जातात, दोनदा रंग देऊन झाला तरी परत येतात, आता एका कंपनीने एका दिवसात फॉगिंग आणि पाच वर्षांची वॉरंटी असं सांगून ४५ हजारांचं कोटेशन दिलंय, सासूबाईंना दमा आहे आणि गणपतीच्या आत सगळं उरकायचंय. तर हो म्हणावं का? मी पुण्यात बुरशी काढायची आणि वॉटरप्रूफिंगची कामं बरीच वर्षं करतोय, आणि माझं मत स्पष्ट आहे, या कोटेशनला हो म्हणू नका. प्रोफेशनल माणूस बोलवूच नका असं मी म्हणत नाहीये, तुमच्या घरात दम्याचा पेशंट आहे म्हणजे बोलवायलाच हवा, पण हे काम म्हणजे ते काम नव्हे.

कारण तुम्ही पाठवलेल्या त्या दोन पानी कोटेशनमध्ये केमिकलचं नाव आहे, स्क्वेअर फुटाचा रेट आहे, वॉरंटी आहे, पण पाणी कुठून येतंय याबद्दल एक ओळ नाहीये. बुरशीचे बीजाणू तुमच्या घरात, माझ्या घरात, सगळीकडे हवेत बाराही महिने असतात, ते कोणी संपवू शकत नाही. खायला त्यांना धूळ, रंग, प्लाय, कागद, कापूस काहीही चालतं. कमी असतं ते फक्त पाणी, आणि एखादी ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली नाही की बुरशी धरायला लागते. मग फॉगिंगने आज वरवरची मारली तरी भिंत ओलीच राहिली तर पुढच्या पावसात ती परत येणारच. शिवाय दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही, मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते. म्हणजे ती मारून भिंतीवरच ठेवली तर सासूबाईंना काही फायदा नाही, ती भिंतीवरून काढून घराबाहेर न्यावी लागते, आणि फॉगिंगमध्ये काढणं हा प्रकारच नसतो, नुसता धूर मारतात.

आता पाणी कुठून येतंय ते बघू, खरं काम इथेच आहे. तुमच्या फोटोत डाग खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्यात गडद आहे, तिथून खाली स्कर्टिंगपर्यंत, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीपर्यंत, रंगाला फुगे आलेत, पण कपाटाच्या मागे मात्र नुसते विखुरलेले ठिपके आहेत, फुगे नाहीत. मला तरी हे दोन वेगळे प्रकार दिसतायत. कोपऱ्यात बाहेरचं पाणी आत येतंय, आणि कपाटामागे हवेतलं बाष्प साचतंय. पुण्यात पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून असतो, त्यामुळे कोथरूड, बावधन, वारजे, बाणेर या भागात समोर मोकळी जागा असेल तर पश्चिमेची भिंत पहिली बोंब मारते. पण पूर्ण भिंत झिरपत असेल असं सहसा नसतं. पाणी आत येतं ते कुठल्यातरी एका जागेतून.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा खिडकी बघेन. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, ट्रॅकमध्ये आलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. ती भोकं धुळीने आणि रंगकामाच्या वेळी पडलेल्या सिमेंटने बुजलेली असतात आणि कोणाचं लक्ष नसतं. मग जोराचा पाऊस आला की ट्रॅक पन्हाळीसारखा भरतो आणि ते पाणी फ्रेमच्या कोपऱ्यातल्या जॉइंटमधून सरळ भिंतीत उतरतं. हे तुम्ही आत्ता बघू शकता, कोरड्या दिवशी ट्रॅकमध्ये एक मग पाणी ओता आणि बाहेर बघा. मिनिट-दोन मिनिटांत पाणी बाहेर पडलं पाहिजे. तसंच उभं राहिलं किंवा हळूहळू नाहीसं झालं पण बाहेर काही दिसलं नाही, तर ते कुठे गेलं ते तुम्हाला कळलंच. भोकं तारेने साफ करायला पैसे लागत नाहीत. त्यानंतर बघायचं ते बाहेरून फ्रेम आणि भिंतीच्या मधलं सिलिकॉन, उन्हाने ते कडक होऊन सुटलेलं असतं. मग खिडकीच्या कठड्याचा उतार, तो कधीकधी आतल्या बाजूला असतो. मग वरचा छज्जा, तो भिंतीला मिळतो तिथे भेग असते आणि छज्जावर कचरा अडकून पाणी साचतं. आणि एसीचं आउटडोअर युनिट बसवताना मारलेली भोकं, ती तर कोणी बुजवतच नाही.

याशिवाय नव्या-जुन्या सगळ्या बिल्डिंगमध्ये दिसणारी गोष्ट म्हणजे कॉलम-बीम आणि विटांची किंवा सिपोरेक्सची (हलक्या सिमेंट ब्लॉकची) भिंत जिथे मिळते तिथे उभी-आडवी सरळ भेग. प्लास्टर करताना त्या जॉइंटवर चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी, लावली नाही की दोन्हींचं आकुंचन-प्रसरण वेगवेगळं होतं आणि भेग पडते. तुमच्या घरात आतल्या बाजूला छताखाली आडवी सरळ रेष दिसते का बघा.

कपाटामागच्या ठिपक्यांसाठी एक सोपी टेस्ट आहे. कपाट सरकवा, भिंत पुसून कोरडी करा, वीतभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला असेल तर घरातल्या हवेचं बाष्प आहे. दोन्ही बाजू कोरड्या असतील तरी कपाटामागे हवा खेळत नसल्याने तिथे दमटपणा जास्त असू शकतो, बुरशीला थेंब दिसावे लागत नाहीत, भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरतं. आणि पावसाळ्यात आपण काय करतो, कपडे बेडरूममध्ये स्टँडवर वाळत घालतो. मशीनच्या एका घाण्यातलं लिटर-दीड लिटर पाणी त्याच खोलीच्या हवेत जातं आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे जाऊन बसतं. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे घ्या, बिल्ट-इन असेल तर मागच्या प्लायला वर-खाली जाळी बसवून घ्या. कपडे वाळवायचे तर बाथरूममध्ये दार लावून एक्झॉस्ट चालू ठेवून वाळवा.

डाग एकीकडे आणि पाणी भलतीकडून, असंही होतं. कर्वेनगरला एका घरी बेडच्या मागे, स्कर्टिंगच्या वर, तळहाताएवढा काळा डाग होता. घरच्या काकू दर रविवारी तो ब्लीचने पुसायच्या आणि बुधवारपर्यंत तो परत. सगळ्यांना वाटत होतं बाहेरची भिंत आहे म्हणजे पाऊस. भिंतीतली ओल दाखवणारा मॉइश्चर मीटर लावला तर बाहेरच्या भिंतीकडे जाताना रीडिंग कमी होत होतं आणि बाथरूमच्या भिंतीकडे जाताना वाढत होतं. मग बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, बुजवून फरशीवर रंगीत पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कर्टिंगच्या फटीत तोच रंग. नहाणी ट्रॅपचा जॉइंट सुटलेला होता, अंघोळीचं पाणी फरशीखालच्या भरावात साठत होतं आणि तिथून सावकाश पाझरत होतं, उन्हाळ्यातसुद्धा. तुम्हीही आठवून बघा, तुमचा डाग एप्रिल-मे मध्ये पूर्ण कोरडा होतो का? होत असेल तर पाऊस. बारा महिने ओलसर असेल तर पाइप किंवा बाथरूम, आणि मग पाइपलाइनला हँडपंपने प्रेशर देऊन गेजचा काटा खाली येतो का ते बघायला हवं.

मीटरबद्दल एक सांगतो, कारण कंपनीवाले तो भिंतीला लावून मोठा आकडा दाखवून घाबरवतात. पिनवाला मीटर लाकडासाठी बनवलेला असतो, प्लास्टरवर त्याच्या आकड्याला तसा अर्थ नसतो. तुमच्याच घरातल्या कोरड्या आतल्या भिंतीचं रीडिंग घ्यायला सांगा आणि त्याच्याशी तुलना करायला सांगा, दोन्ही आकडे लिहून घ्या.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांचं गणित वेगळं आहे, तिथे माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आतच कोंडते, पण ते तुम्हाला लागू नाही म्हणून सोडून देतो.

आता खरं प्रोफेशनल काम कसं दिसतं ते ऐका, म्हणजे कोटेशन वाचताना कळेल. पहिल्यांदा पाण्याचं कारण लिहून दिलं जातं आणि ते आधी बंद केलं जातं. मग ती खोली रिकामी करून दाराला जाड प्लास्टिक शीट लावून सील करतात, एसी बंद, त्याची तोंडं झाकलेली. आत हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारं, मशीन बसवून त्याची हवा खिडकीतून बाहेर सोडतात म्हणजे खोलीतला दाब बाकी घरापेक्षा कमी राहतो. हे नीट झालंय का ते बघायला काही यंत्र नको, दारावरचं प्लास्टिक खोलीच्या आत ओढलं गेलेलं दिसलं पाहिजे, ते हॉलच्या बाजूला फुगलेलं असेल तर बीजाणू तुमच्या हॉलमध्ये येतायत, काम थांबवा. नंतर भिंत आधी फवाऱ्याने ओलसर करून मगच खरवडतात. कोरडी खरवडली की बीजाणू अख्ख्या घरभर उडतात, आणि आपले पेंटर नेमकं तेच करतात, पॉलिश पेपर घेऊन कोरडं घासतात, फॅन चालू ठेवून. दम्याच्या पेशंटसाठी याहून वाईट काही नाही. फुगलेला रंग, लांबी (म्हणजे रंगाखालची पुट्टी), पोकळ वाजणारं प्लास्टर, सगळं काढायचं, डागाच्या पुढे चांगल्या भागापर्यंत जायचं, जागच्या जागी पिशवीत भरून पिशवी बांधूनच बाहेर न्यायची. नव्या फ्लॅटमध्ये आतून जिप्सम प्लास्टर असतं, ते पाण्याने मऊ पडतं आणि सुकलं तरी ताकद येत नाही, ते काढावंच लागतं. मग साबणाच्या पाण्याने धुणं, लागलं तर बुरशीनाशक, नंतर खोलीतला प्रत्येक पृष्ठभाग हेपा व्हॅक्यूमने साफ. साधा घरातला व्हॅक्यूम चालत नाही, तो बारीक बीजाणू मागच्या हवेतून परत खोलीत फेकतो. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर, नुसतं मशीनवर हेपा लिहिलेलं असून भागत नाही, फिल्टर काढून दाखवायला सांगा.

आणि मग सुकवणं. इथे सगळे घाई करतात. गणपतीच्या आधी भिंत चकाचक हवी असते हे मला कळतं, घरात पाहुणे येणार, आरास करायची, पण ओल्या भिंतीवर लांबी आणि रंग लावून दिला की तो दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. त्यामुळे गणपतीच्या आत रंग लावून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो, आणि तुम्हालाही तेच सांगतो. या पावसाळ्यात फक्त निदान करायचं आणि बुरशी आटोक्यात ठेवायची. पाऊस चालू असताना लीकेज सापडतं, डिसेंबरमध्ये सापडत नाही, म्हणून आत्ता फोटो-व्हिडिओ काढून तारीख टाकून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाहेरचं काम, झुल्यावर माणूस उतरवून भेगा व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरणं, खिडकीचं सिलिकॉन, छज्जाचा जॉइंट. मग आतलं खराब प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवायची, हवा लागू द्यायची. नवीन सिमेंट प्लास्टर केलं तर रंगाच्या आधी साधारण २८ दिवस द्या, आणि मीटरचं रीडिंग कोरड्या भिंतीच्या जवळ आल्याशिवाय प्रायमर लावू देऊ नका. त्या कंपनीच्या कोटेशनमध्ये शेवटी आतून वॉटरप्रूफ कोट लिहिलाय, तो मुळीच नको. बाहेरून पाणी येत राहतं, आतून दार बंद, मग ते भिंतीत साठून बाजूला नाहीतर सॉकेटच्या बॉक्समध्ये निघतं, आणि तिथे करंट आहे.

आत्ता लगेच काय करायचं? डाग तीन फूट बाय तीन फूट एवढ्याच्या आत असेल तर तुम्ही स्वतः पुसू शकता, त्याहून मोठा असेल तर नाही. फोटोवरून कोपऱ्यातला डाग लहान आहे. एन९५ मास्क, हातमोजे, चष्मा, पंखा बंद, दार बंद, सासूबाई आणि मुलगी दुसऱ्या खोलीत. भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, स्पंज पिळून पुसायचं, घासायचं नाही, शेवटी कोरड्या कपड्याने टिपायचं, आणि स्पंज-कपडा पिशवीत बांधून फेकायचा. ब्लीच भिंतीला वापरू नका. टाइल्सवर ते चालतं, पण लांबी-प्लास्टरमध्ये त्यातलं पाणी आत शोषलं जातं आणि क्लोरीन वरच राहतो, डाग पांढरा होतो एवढंच. आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये माणसं यानेच बेशुद्ध पडतात.

खिडक्या उघड्या ठेवा हा सल्ला सगळे देतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ८०-९० टक्के दमट असते, ती आत घेऊन भिंत कशी सुकणार. उघडीप असेल, ऊन पडलं असेल तेव्हा उघडा. बाकी दिवस एसी ड्राय मोडवर चालवा किंवा महिन्याभरासाठी हवेतलं बाष्प ओढून घेणारा डीह्युमिडिफायर भाड्याने आणा. हवेतला दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो, तो त्या खोलीत ठेवा आणि दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

कंपनीने लॅब टेस्टचे वेगळे पैसे मागितलेत, ते देऊ नका. बुरशी डोळ्यांना दिसतेय, कुठलीही जात असली तरी काढायची पद्धत तीच. काळी आहे म्हणून २०२१ मधली ती काळी बुरशी आहे का असं तुम्ही विचारलंय, भीती साहजिक आहे, पण नाही, तो म्युकरमायकोसिस हा वेगळा आजार होता, कोविडनंतर, अनियंत्रित शुगर आणि स्टिरॉइड असलेल्या लोकांना झालेला. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांवरून तो ओळखत नाहीत. पण दमा वाढणं हे मात्र खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली त्यातही ओलसर घर आणि दमा, श्वासाचे त्रास यांचा संबंध स्पष्ट मांडलाय. सासूबाईंचा पंप जास्त लागायला लागला असेल तर डॉक्टरांना भिंतीबद्दल नक्की सांगा.

पैशाचं म्हणाल तर बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर ४५ हजार तुमच्या खिशातून का जावेत? सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार पावसाचं पाणी, बाहेरची भिंत, गच्ची, कॉमन पाइप यांचं लीकेज दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकचं लीकेज हे त्या त्या सभासदाचं. सेक्रेटरींना फोटोंसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं पुढच्या कमिटीला आठवत नाही. ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातले दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचे असतात, पण तुमची बिल्डिंग जुनी वाटतेय.

वस्तूंचं म्हणाल तर कापसाची गादी किंवा उशी यात बुरशी शिरली असेल तर ऊन देऊन वापरू नका, फेका, ती आतून साफ होत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही लोक गाद्या वाळवून ठेवायला बघत होते, जीव तुटतो मान्य आहे, पण नाही. स्टील, काच, प्लास्टिक धुऊन घ्या. कपाटाचा मागचा प्लाय मऊ लागत असेल, नख रुतत असेल तर तेवढा पॅनेल बदला, अख्खं कपाट टाकायची गरज नाही.

त्या कंपनीला आज फोन करून तीनच गोष्टी विचारा: पाणी कुठून येतंय ते लेखी द्याल का, खोली सील करून हेपा मशीन लावणार का, आणि वॉरंटी डाग परत आल्यावर फवारणीची आहे की लीकेजची. फवारणीची म्हणाले तर कोटेशन परत करा. आणि नोव्हेंबरमध्ये ज्या कोणाला काम द्याल, खरवडायच्या दिवसापासून खोलीची हेपा सफाई होईपर्यंत सासूबाईंना नणंदेकडे किंवा कुठेही दुसरीकडे राहू द्या, शेजारच्या खोलीतसुद्धा नको.